येतो म्हणणारा बेडूक

गणपतीच्या दिवसांत एके दुपारी शेजारच्या काकूंनी मला हाक मारली आणि "डोळे मिटा बघू," असे म्हणत माझ्या तळहातावर काहीतरी ठेवले. डोळे उघडून पाहतो तो हातावर बेडूक! मी केवढ्याने दचकलो ते काकू अजून चारचौघांत रंगवून सांगतात.

बेडूक लाकडाचा होता. सुपारीहून मोठा, लिंबाहून लहान. रंग जुन्या मधासारखा. पाठीवर बारीकबारीक पुळ्या, काळ्या शिंगाचे चकचकीत डोळे आणि चारही पाय अंगाशी घट्ट आवळलेले. स्वारी बसली होती ती एका झिजलेल्या गवती चपलेवर.

"चिरंजीवांनी आणलाय," काकू म्हणाल्या. त्यांचा मुलगा ओसाकाला नोकरी करतो; सणाला दहा दिवस आला होता. "तिथल्या जुन्या बाजारात मिळाला म्हणे. सव्वाशे वर्षांचा आहे म्हणतो. असेल बाई! पण मला एवढं सांगा, ह्या चपलेला खालून ही दोन भोकं कशाला? कीड तर लागली नाही ना?"

मी मराठी शिकवतो. बेडकाशी माझा संबंध 'कूपमंडूक' ह्या समासापुरता. त्या दोन भोकांचे उत्तर शोधता शोधता मात्र मी पार जपानच्या एका तीर्थक्षेत्रापर्यंत आणि तेथून व्हिएन्नातील एका दासीच्या खोलीपर्यंत जाऊन पोचलो. ती हकीकत वाचकांनाही आवडेल असे वाटते.

खिसा नव्हता तेव्हा

त्या भोकांचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे, की जपानी माणसाला खिसा नव्हता.

आपल्याकडे तरी खिसा केव्हा आला? तो शब्दच मुळी फारसी 'कीसा' ह्या शब्दावरून आलेला. धोतर नेसणारा माणूस पैसे कनवटीला लावी, पानसुपारी चंचीत ठेवी. बायका पदराच्या टोकाला गाठ मारीत आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचीत. जपानी माणसापुढेही हाच प्रश्न होता. त्याच्या किमोनोच्या रुंद बाहीत किंवा छातीपाशी कागदासारखी हलकी वस्तू राहू शके; पण तंबाखूचा बटवा, चिलीम, पैशांची थैली, औषधांची डबी ही ओझी कोठे ठेवायची?

त्याने ती कमरेला टांगली. कमरेभोवती जो पट्टा गुंडाळतात त्याला 'ओबी' म्हणतात. थैलीची दोरी ह्या ओबीच्या आतून वर काढायची आणि दोरीच्या वरच्या टोकाला काहीतरी अडकण बांधायचे, म्हणजे ती ओबीच्या काठावर अडून राहते आणि थैली खाली लोंबते. नुसती गाठ मारली तर ती सटकते. म्हणून गाठीच्या जागी हे अडकण. त्याचेच नाव 'नेत्सुके'. जपानी माणसाच्या तोंडून ते जवळजवळ 'नेत्स्के' असे ऐकू येते. 'ने' म्हणजे मूळ आणि 'त्सुके' म्हणजे जोडणे.

काकूंच्या बेडकाची दोन भोके ती हीच. एका भोकातून दोरी आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते. पुष्कळदा दोहोंपैकी एक भोक थोडे मोठे असते, कारण दोरीची गाठ आत दडून बसावी! ह्या भोकांना 'हिमोतोशी' असे खास नाव आहे. कीड नव्हे, बेडकाच्या पोटापाण्याचा उद्योगच तो.

आरंभी हे अडकण म्हणजे एखादा दगड, शिंपला, छोटा भोपळा किंवा झाडाच्या मुळीचा तुकडा असे. पुढे १६०३ पासून १८६८ पर्यंत जपानवर तोकुगावा घराण्याची सत्ता राहिली. देशात शांतता नांदू लागली, शहरे वाढली आणि व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. पण समाजाच्या उतरंडीत व्यापारी सर्वांत खालचा. त्याने कसले कपडे घालावेत, किती थाट करावा ह्यावर सरकारी निर्बंध. मग हौस करायची कशाची? लहान वस्तूंची! वरून साधा दिसणारा गृहस्थ कमरेला मात्र एखादे असे नेत्सुके लावी, की पाहणाऱ्याने पाहतच राहावे.

त्यातच तंबाखू आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजांबरोबर ती जपानात शिरली. सरकारने सतराव्या शतकाच्या आरंभी बंदी घालून पाहिली, पण व्यसन ते, बंदीला जुमानते थोडेच! घरोघर चिलीम आली, चिलमीबरोबर तंबाखूचा बटवा आला आणि बटव्याबरोबर नेत्सुके. बायकांपेक्षा पुरुषांचाच हा अलंकार अधिक.

१७८१ साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू नावाच्या तलवारींच्या व्यापाऱ्याने 'सोकेन किशो' हा सात भागांचा ग्रंथ छापला. विषय मुख्यतः तलवारींच्या साजाचा. पण शेवटच्या भागात त्याने नेत्सुके कोरणाऱ्या पन्नासांहून अधिक कारागिरांची नावे दिली आहेत. त्यांत क्योतोचा तोमोतादा आहे. तो बैल कोरण्यात प्रवीण. आणि त्याच्या बैलांच्या नकला तेव्हाच बाजारात बोकाळल्याचे हा ग्रंथकार सांगतो. म्हणजे नकली मालाची तक्रार अडीचशे वर्षांची जुनी आहे!

ओळखीची मंडळी

नेत्सुकेमध्ये देव आहेत, भुते आहेत, कुस्तीगीर आहेत, भाजीपालाही आहे. पण प्राण्यांचा थाट काही निराळाच. जपानी पंचांगात बारा वर्षांचे चक्र असते आणि प्रत्येक वर्ष उंदीर, बैल, वाघ, ससा अशा एकेका प्राण्याचे असते. त्यामुळे ह्या बारा जणांना मागणी फार.

त्यांतला वाघ जपानात नव्हताच. कोरणारे त्याला ओळखत ते चित्रांवरून आणि आणलेल्या कातड्यांवरून. म्हणूनच की काय, नेत्सुकेतील कित्येक वाघ रागावलेल्या मांजरांसारखे दिसतात. हत्तीचेही तेच. १७२८ साली आजच्या व्हिएतनामच्या प्रदेशातून हत्तींची एक जोडी जहाजाने नागासाकीला आली. हत्तीण तेथेच मेली. हत्ती मात्र पुढल्या वर्षी, १७२९ मध्ये, शेकडो कोस पायी चालत राजधानी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेला आणि वाटेवरच्या गावांनी तो डोळे भरून पाहिला. पण नेत्सुकेत हत्ती भेटतो तो पुष्कळदा आंधळ्यांच्या गराड्यात! एक सोंडेला धरून, एक पायाला मिठी मारून, एक पाठीवर चढून. हत्ती आणि आंधळ्यांची ही गोष्ट आपल्याकडून बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेली.

कासवाच्या पाठीवर बसलेले माकडही नेत्सुकेत दिसते. ते पाहून मला तर शाळासोबती भेटल्यासारखे झाले. पंचतंत्रातले, "काळीज झाडावर विसरलो," असे सांगून मगरीला फसवणारे माकड आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. जपानात ते काळजाऐवजी यकृत विसरते आणि मगरीच्या जागी कासव येते, एवढाच फरक. बाराव्या शतकातील 'कोन्जाकु मोनोगातारी' ह्या कथासंग्रहात ही गोष्ट आहे, आणि तीही 'तेन्जिकू'च्या, म्हणजे भारताच्या, विभागात.

पुळीची युक्ती

आता आपल्या बेडकाकडे वळू.

नेत्सुके हस्तिदंताची असतात, हरणाच्या शिंगाची असतात, रानडुकराच्या सुळ्याचीही असतात. पण लाकडी नेत्सुकेची मजा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी सर्वांत आवडते लाकूड 'त्सुगे', इंग्रजीत ज्याला बॉक्सवुड म्हणतात ते. हे झाड अतिशय सावकाश वाढते. त्यामुळे लाकूड कठीण, घट्ट आणि इतके बारीक रेषांचे, की त्यावर केसाएवढी रेघ कोरली तरी कड तुटत नाही. जपानी बायकांचे कंगवे आणि तिकडच्या बुद्धिबळाची मोहरी ह्याच लाकडाची करतात. नवे असताना ते फिकट पिवळे असते. वापराने आणि वर्षांनी मधाचा रंग धरते.

नेत्सुके कोरणाऱ्याला मूर्तिकाराचे स्वातंत्र्य नसते. त्याची वस्तू रोज कमरेला घासली जाणार, हाताळली जाणार. टोकदार कान, पुढे आलेला पाय, उंच शेपटी ह्यांतले काही चालायचे नाही. टोक एक तर मोडेल, नाहीतर रेशमी वस्त्र फाडील. म्हणून बैल बसलेला असतो, उंदीर स्वतःची शेपटी कवटाळून असतो, ससा अंग चोरून घेतो. पुन्हा वस्तू सर्व बाजूंनी दिसणार, तेव्हा पोटाखालची बाजूही तितक्याच निगुतीने कोरायची. ह्या साऱ्या अटी बेडकाने जन्मतःच पाळलेल्या! तो बसतोच मुळी नेत्सुकेसारखा.

अवघड त्याच्या पाठीवरच्या पुळ्या. भोवतालचे लाकूड कोरून काढून एकेक पुळी उठवता येते. पण दुसरी एक युक्ती आहे, ती वाचून मी थक्क झालो. तिला 'उकिबोरी' म्हणतात. इवामी प्रांतातील कारागिरांनी ती विशेष गाजवली. जेथे पुळी हवी तेथे बोथट हत्याराने लाकूड दाबून खळगा करायचा. मग आजूबाजूचे लाकूड त्या खळग्याच्या तळाइतके तासून सपाट करायचे. आता पाहावे तर पुळीही नाही आणि खळगाही नाही. शेवटी त्यावर पाणी लावायचे. दाबून बसवलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि दाबले होते नेमके तेथेच पुळी टरारून वर येते! तिच्या अंगावर हत्याराचा ओरखडाही नसतो. जेथे दाबावे तेथून वर यावे, हा गुण लाकडातही असतो म्हणायचा.

मग रंग. यशा नावाच्या एका झाडाच्या फळांचा काढा लावून लाकडाला उबदार तपकिरी छटा देतात, घासून चकाकी आणतात आणि डोळ्यांत शिंगाचे बारीक मणी बसवतात. एवढे झाले की कारागिराचे काम संपते. पण वस्तू पुरी होत नाही. ती पुरी करतो वापरणारा. वर्षानुवर्षे अंगठा फिरून फिरून उंचवटे गुळगुळीत होतात, दोरीने भोकांच्या कडा झिजतात, रंग खोलवर मुरतो. ह्या झळाळीला जपानी रसिक 'नारे' म्हणतात आणि तिला फार मानतात. आजीच्या पोळपाटाला किंवा झोपाळ्याच्या कडीला जो मऊपणा येतो, त्यातलाच हा प्रकार. साच्यातून ओतलेल्या नकली नेत्सुकेत सगळे काही असते. नसतो तो हा हात फिरल्याचा मऊपणा.

बेडूक आणि परतीची वाट

चिरंजीवांना दुकानदाराने सांगितले होते, की हा बेडूक यामादाकडच्या घडणीचा आहे. हे यामादा म्हणजे इसे ह्या तीर्थक्षेत्रातले, बाहेरच्या देवळालगतचे गाव. इसे हे जपानचे फार मोठे तीर्थक्षेत्र. तेथे सूर्यदेवी अमातेरासूचे मंदिर आहे. ते दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पूर्णपणे नव्याने बांधतात आणि जुने उतरवतात. २०१३ साली हे बांधकाम बासष्टाव्यांदा झाले. पुढले २०३३ साली व्हायचे आहे.

तोकुगावांच्या काळात सामान्य माणसाला परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. पण इसेच्या यात्रेला सहसा अडवीत नसत. त्यामुळे जन्मात एकदा तरी इसेला जावे ही शेतकऱ्यापासून नोकरापर्यंत सर्वांची आस. एदोहून इसेपर्यंत सुमारे पंधरा दिवसांची पायपीट पडे. काही वर्षी तर यात्रेचा पूर लोटे. १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक माणसे इसेला आली असा अंदाज आहे. ज्यांना जाणे जमत नसे ते आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैशांची पुरचुंडी बांधून त्यालाच यात्रेकरूंच्या हवाली करीत, आणि वाटेवरचे लोक त्या कुत्र्याला खाऊपिऊ घालून पुढे पोचवीत! आपल्या वारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

यात्रा म्हटली की आठवणीची वस्तू आलीच. इसेच्या वाटेवर कातड्यासारख्या दिसणाऱ्या जाड कागदाचे तंबाखूचे बटवे विकत, आणि यामादात नेत्सुके. तेथल्या असामा डोंगरावरचे त्सुगे लाकूड प्रसिद्ध. ह्याच गावात मासानाओ (१८१५–१८९०) नावाचा कारागीर होऊन गेला. त्याच्यामागे त्याच्या घराण्यातील पुढल्या पिढ्यांनीही हीच कला चालवली आणि सहीही 'मासानाओ' अशीच केली. शिवाय त्याच नावाचा आणखी एक थोर कारागीर अठराव्या शतकात क्योतोत होता. तेव्हा नुसती सही पाहून सोक्षमोक्ष लागत नाही. काकूंच्या बेडकावर तर सहीच नाही; म्हणून तर तो चिरंजीवांच्या पगारात बसला.

यामादाच्या मासानाओंची सर्वांत गाजलेली कृती कोणती? त्वचेवरच्या प्रत्येक पुळीसह कोरलेला लाकडी भेक! पुष्कळदा तो झिजलेल्या गवती चपलेवर बसलेला असतो.

आता यात्रेच्या गावी बेडूक का? ओलाव्याला टाकलेल्या जुन्या चपलेखाली बेडूक सापडतोच, हे एक साधे उत्तर. पण त्यात भाषेचीही एक गंमत आहे आणि ती कळली तेव्हा माझ्यातला मराठीचा मास्तर खुर्चीतून उठलाच. जपानी भाषेत बेडकाला 'काएरु' म्हणतात, आणि 'परत येणे' ह्या क्रियापदाचा उच्चारही 'काएरु' असाच होतो. लिहिण्याची अक्षरे निराळी, पण कानाला एकच. म्हणून बेडूक हा सुखरूप परतीचा शकुन. इसेजवळ समुद्रकाठी फुतामीचे देऊळ आहे. तेथे लोकांनी वाहिलेले बेडूकच बेडूक मांडलेले दिसतात. आजही पुष्कळ जपानी माणसे पैशांच्या पाकिटात इवलासा बेडूक ठेवतात. गेलेला पैसा परत यावा म्हणून!

आणि हे आपल्याला परके का वाटावे? घरातून निघताना 'जातो' म्हणणाऱ्या मुलाला 'जातो नाही रे, येतो म्हणावं' असे आपल्या किती आजींनी सुनावले असेल! जपानी माणूस घरातून बाहेर पडताना काय म्हणतो ठाऊक आहे? 'इत्ते किमासु.' त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. आणि घरातले माणूस त्याला जे उत्तर देते, त्याचा अर्थ 'जाऊन ये'. हजारो कोसांवरच्या दोन भाषा, एकमेकींशी नाते नसलेल्या. पण उंबरठ्यावर दोघींच्या पोटात तीच कालवाकालव, आणि तिच्यावर उपायही तोच.

झिजलेली चप्पल म्हणजे झालेली वाटचाल. तिच्यावर बसलेला 'काएरु' म्हणजे परत येणे. यात्रेकरू तो कमरेला लावून घराकडे निघे. 'विहिरीतल्या बेडकाला समुद्र ठाऊक नसतो' ही म्हण जपानातही आहे. पण हा बेडूक मात्र आपल्या धन्याबरोबर शेकडो कोस हिंडलेला.

एप्रनच्या खिशात

१८६८ साली तोकुगावांची सत्ता गेली. नव्या सरकारने युरोपचे वळण गिरवायला घेतले. १८७२ पासून सरकारी समारंभांत पाश्चात्य पोशाख आला, हळूहळू कचेऱ्यांतून कोट-पाटलोण आली. आणि कोटाला खिसे होते! चिलमीच्या जागी सिगारेट आली, तिलाही बटवा नको. ज्या उणिवेपोटी नेत्सुके जन्मले ती उणीवच राहिली नाही. दोनअडीचशे वर्षांचा उद्योग एका पिढीत बसला. घरोघरचे बैल, उंदीर आणि बेडूक पेट्या भरभरून युरोपात जाऊ लागले आणि तेथल्या श्रीमंतांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसले.

अशाच एका कपाटाची हकीकत सांगतो. पॅरिसमध्ये शार्ल एफ्रुसी नावाचा एक धनाढ्य ज्यू कलारसिक होता. त्याने १८७० नंतरच्या दशकात लाकडी आणि हस्तिदंती अशी २६४ नेत्सुके घेतली. १८९९ साली व्हिएन्नातील आपल्या चुलतभावाला, व्हिक्टरला, त्याने ती लग्नाचा आहेर म्हणून पाठवली. तेथे ती व्हिक्टरच्या पत्नीच्या, एमीच्या, शृंगाराच्या खोलीत राहिली. आई संध्याकाळी नटूथटू लागली की मुलांना कपाट उघडायची मुभा असे. गालिच्यावर वाघ आणि ससे मांडून ती खेळत.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. एफ्रुसींच्या वाड्यात नाझी घुसले. चित्रे, पुस्तके, चांदी यांच्या याद्या झाल्या आणि एका घराण्याचे सारे ऐश्वर्य थोड्याच दिवसांत त्याच्या हातून गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एमी वारली. व्हिक्टर पुढे इंग्लंडात मुलीकडे गेला.

त्या घरात आना नावाची एक दासी होती. नव्या मालकांनी तिला सामान बांधायच्या कामाला ठेवून घेतले. युद्ध संपल्यावर १९४५ च्या डिसेंबरात एमीची मुलगी एलिझाबेथ व्हिएन्नाला आली, तेव्हा आना तिला भेटली आणि म्हणाली की माझ्यापाशी तुमचे काही आहे. शृंगाराच्या खोलीवरून जाताना दर खेपेस तीनचार चिमुकली नेत्सुके ती आपल्या एप्रनच्या खिशात टाकी आणि आपल्या खोलीतल्या गादीत दडवी. बाकीच्या मौल्यवान वस्तूंच्या गर्दीत ह्या खेळण्यांची कोणाला आठवणच झाली नाही. दोनशे चौसष्टच्या दोनशे चौसष्ट तिने परत केली. एलिझाबेथचे नातू, कुंभारकाम करणारे कलावंत एडमंड द वाल, ह्यांनी २०१० साली 'द हेअर विथ अंबर आइज' ह्या पुस्तकात घराण्यात चालत आलेली ही हकीकत लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. त्या आनाचे आडनाव काय, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

खिसा नव्हता म्हणून जी वस्तू जन्मली आणि खिसा आला म्हणून जी निराधार झाली, ती शेवटी वाचली एका मोलकरणीच्या खिशाने!

पुढे १९४७ साली एलिझाबेथचा भाऊ इगी टोकियोला नोकरीवर गेला, तेव्हा तो ही नेत्सुके बरोबर घेऊन गेला. म्हणजे ती मायदेशी परतली. इगी १९९४ साली वारला आणि ती लंडनला एडमंड ह्यांच्याकडे गेली. २०१८ साली त्यांतली १५७ नेत्सुके त्यांच्या घराण्याने व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयाला ठेवायला दिली. एमीच्या गावी ती पुन्हा आली. त्याच वर्षी आणखी ७९ नेत्सुकेचा लिलाव झाला. पैसे निर्वासितांच्या मदतीसाठी गेले. जाऊन येतो, जाऊन येतो, असे म्हणत ही वस्तू पृथ्वी हिंडली आहे.

नेत्सुकेची कला मात्र संपली नाही. जपानात आजही नेत्सुके कोरणारे आहेत. क्योतोत एका जुन्या सामुराई वाड्यात २००७ साली केवळ नेत्सुकेचे संग्रहालय उघडले. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदीचा निर्णय झाल्यापासून हस्तिदंती नेत्सुके एका देशातून दुसऱ्या देशात नेताना कायद्याचा अडसर येतो; लाकडी बेडूक निर्धास्तपणे सीमा ओलांडतो.

काकूंचा निकाल

एवढी माहिती जमवून मी दसऱ्यानंतर काकूंकडे गेलो. सगळे सांगितले. भोकांचे, पुळ्यांचे, इसेचे, आनाचे. आनाच्या गोष्टीपाशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग मी शहाण्यासारखा सल्ला दिला, की बेडूक फार जुना आहे, काचेच्या कपाटात ठेवा, उन्हात ठेवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

"आणि तो करणार काय त्या कपाटात?" काकूंनी विचारले.

मला उत्तर सुचले नाही.

परवा गेलो तेव्हा बेडूक कपाटात नव्हता. काकूंनी त्याच्या दोन भोकांतून एक पक्की लाल दोरी ओवली होती. दोरीच्या खालच्या टोकाला घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता, आणि वरचे टोक साडीच्या कमरेआतून वर काढून बेडूक काठावर आणून बसवला होता. ओबीवर बसत असेल तसाच. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "जुडगा सारखा निसटून पडायचा हो. आता हलत नाही. तुम्हीच सांगितलंत ना, हात फिरला पाहिजे म्हणून?"

मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "ह्या खेपेला निघताना गडबडीत तो 'जातो' म्हणाला. मी दटावलं त्याला. हसला आणि म्हणाला, आई, बेडूक ठेवलाय ना तुझ्यापाशी. आता मी काहीही म्हटलं तरी चालेल."

बोलता बोलता काकूंचा अंगठा बेडकाच्या पाठीवरून फिरत होता.